बुडबुड्याची काच

"सुलभाताई, तुमचं ते ऑक्सिजनचं मशीन खाली आहे का हो?"

खिडकीच्या जाळीतून प्राजक्ताचा आवाज आला आणि सुलभाच्या हातातली सळई जराशी कलली. जराशीच. पण वितळलेल्या काचेला जरासं पुरतं, ती लगेच उतार धरते. सळईवर फिरणारा मणी एका अंगाला ओघळला. त्याला सावरायला म्हणून तिनं तो ज्योतीत आणखी आत धरला, आणि आतले बुडबुडे, दिवाळीपासून पहिल्यांदाच मनासारखे उमटलेले, मोहरीएवढे, एकमेकांना न चिकटलेले बुडबुडे, बघता बघता एकमेकांत शिरले, फुगले, वर आले आणि फुटले. मण्याच्या अंगावर देवीचे वण तेवढे राहिले. झालं! घ्या, आणखी एक. तिनं सळई तशीच राखेच्या डब्यात खुपसली, जांभळट चष्मा कपाळावर सरकवला आणि खिडकीकडे बघितलं.

"खाली कुठलं गं, चालूच तर आहे," ती म्हणाली, आणि आपण तुसडेपणानं बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

प्राजक्ता शेजारच्या अनसूयाकाकूंची सून. दवाखान्यात जागरणं करून डोळे खोल गेलेले, वेणी कालचीच. "आईंना आज सुट्टी देताहेत नं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले घरी ऑक्सिजन लावावा लागेल, दोन लिटरवर. देवास गेटच्या दुकानवाल्याकडे जाऊन आले, तो म्हणतो आज एक भी पीस नहीं है, कल सुबह ले जाना. आणि हे रतलामला ड्यूटीवर. मला तर काही सुचतच नाही बघा. फक्त आजची रात्र निभवायची आहे, ताई. पाच-सहापर्यंत घेऊन येतील त्यांना."

आता यात बघण्यासारखं काय होतं? हो म्हणायचं, उठायचं, मशीन उचलून द्यायचं. पण सुलभाच्या तोंडून निघालं, "बघते." मग घाईघाईनं, "म्हणजे, देते. देते गं. एवढा एक मणी होऊ दे, मग मीच आणून देते."

"हो हो, आरामसे," प्राजक्ता म्हणाली आणि निघून गेली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ती पोर तशी नाहीच. म्हणूनच ते 'आरामसे' सुलभाला जास्त झोंबलं.

एक मणी होऊ दे! शेजारच्या म्हातारीला श्वास पुरत नाही आणि ही बया म्हणते, माझा मणी होऊ दे. कुणी ऐकलं तर तोंडात शेण घालेल. आणि ती म्हातारी तरी कोण, तर कोरोनात सुलभाचे वडील, नाना, गेले तेव्हा, सगळी गल्ली दारं लावून बसलेली असताना, मधल्या भिंतीवर रोज पिठलं-भाताचा डबा ठेवून "सुलभे, गरम आहे तोवर खा गं" असं पलीकडूनच ओरडणारी. अंगणात यायची कुणाला परवानगी नव्हती, पण काकूंचा आवाज यायचा. तो आवाज अजून तिच्या कानात आहे आणि तरीही ती हललेली नाही. पायाशी मशीन घर्र घर्र करत होतं, मधूनच फुस्स करून दम टाकत होतं. ज्योतीला धग चढावी म्हणून त्याची नळी टेबलाखालून वर येऊन बर्नरला जोडलेली, दुसऱ्या बाजूनं गॅसची. अजून साडेचार वाजायचे होते. वेळ होता. ती स्वतःला हेच सांगत होती की वेळ आहे, पण वेळेचा प्रश्नच नव्हता आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं.

टेबलावर बुडबुड्याच्या काचेची शेवटची कांडी पडली होती. तिनंच बंगलोरच्या एका बाईकडून हट्टानं मागवलेली ही काच. दिसायला अगदी गरीब, पाण्यात निळीचा थेंब पडावा तेवढाच रंग. पण तिच्या पोटात असं काहीतरी कालवलेलं असतं की आच लागली की आपोआप आतून बुडबुडे सुटतात. फुंकायला नको, टोचायला नको. फक्त ते सुटल्यावर वेळेवर ज्योतीतून बाहेर यायचं. लवकर आलात तर काच नुसतीच मठ्ठ. उशीर केलात तर बुडबुडे एकमेकांना खाऊन मोठे होतात, वर येतात, फुटतात. मधली जी घटका आहे ती सुलभाला सापडत नव्हती. खोटं कशाला बोला, सापडत होती, दिसत होती, डोळ्यांना दिसायची आणि हात बाहेर यायचा नाही. वीस वर्षं मणी करणारी बाई ती. भैरवगढच्या छापाच्या ओढण्यांना लावायला टॉवर चौकातली दुकानवाली दुर्गाभाभी तिचे मणी डोळे मिटून घेते. आणि या काचेनं तिच्या नाकी नऊ आणले होते. राखेचा डबा वणांच्या मण्यांनी भरत चालला होता.

"लोक बुडबुडे जावेत म्हणून देव पाण्यात घालतात," अमोल म्हणायचा, "आणि आमच्याकडे यावेत म्हणून अनुष्ठान." नवरा असला म्हणून काय, सारखं विनोदी बोलायलाच हवं का? दुर्गाभाभी तर त्याहून वरताण. एक त्यातल्या त्यात बरा मणी तिला दाखवला तर उजेडात धरून म्हणाली, "दीदी, इसमें तो हवा रह गई. आपका पीस तो ऐसा नहीं होता." मुद्दाम ठेवलीय गं, असं सांगून उपयोग नव्हता. ठेवलेली कुठे होती, राहून गेलेली होती, कशीबशी, एका कोपऱ्यात. पालथ्या घड्यावर पाणी घालावं तसा सगळा हिवाळा गेला. काकूसुद्धा दवाखान्यात जाईपर्यंत भिंतीपलीकडून विचारायच्या, "झाला का गं तुझा तो मणी?" आणि बरं, हे सगळं कशासाठी? ना कुणी मागितलेला मणी, ना प्रदर्शन, ना काही. फोनवर एक चित्र दिसलं होतं, कुणीतरी कुठेतरी केलेला मणी, आत बारीक बुडबुडे आणि सगळे जागच्या जागी. वर न जाणारे. ते चित्र तिनं त्या रात्री पुन्हा पुन्हा उघडून बघितलं होतं. एवढंच कारण, आणि एवढंच कारण मोठ्यानं सांगितलं तर येडी म्हणतील.

तिनं नवी सळई घेतली. पांढऱ्या मातीचा लेप वाळलेला, बोटाला खडूसारखा लागणारा. चष्मा डोळ्यांवर ओढला. ज्योत निळी, टोकदार, फुत्कारणारी. कांडी एकदम आत घालायची नाही, तडकते. आधी ज्योतीच्या टोकाला नुसती दाखवायची, ओळख करून द्यायची. हे नानांचं. कॉलेजच्या रसायनशाळेत नाना काचेची दुरुस्ती करायचे. फुटलेली ब्युरेट, तुटलेली नळी, मुलांनी आदळलेले फ्लास्क सगळे त्यांच्या टेबलावर यायचे, आणि सुटीच्या दिवशी परकरी वयाची सुलभा त्यांच्या शेजारी स्टुलावर. दोन बोटांत धरून काच फिरवायला त्यांनीच शिकवलं. थांबायचं नाही, काच गाढवासारखी आहे, हाकायचं सोडलं की बसते. आणि बुडबुड्यांवर त्यांचा राग असा की जणू कुणी त्यांच्या घरात शिरलंय. नळीच्या जोडात केसाएवढा बुडबुडा राहिला तरी ते ती पुन्हा ज्योतीत घालायचे. "काचेत हवा राहिली की ती काच खोटी, बेटा. आज धरेल, उद्या दगा देईल. शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत हात मागे घ्यायचा नाही." तिनं नाही घेतला. वीस वर्षं नाही घेतला. आता तो हात घ्या म्हटलं तर कसा घेणार? हात काय सांगितलेलं ऐकतो थोडाच, तो शिकवलेलं ऐकतो. असं तिनं अमोलला समजावलं होतं आणि अमोलला ते पटलं होतं, आणि त्याला पटलं म्हणूनच तिला ते अर्धवट वाटत राहिलं होतं.

काच मऊ झाली, टोकाला लाल गोळा लोंबायला लागला. तिनं तो सळईवर घेतला, फिरवला, गुंडाळला. चष्म्यातून पिवळा झगमगाट दिसत नाही, नुसती काच दिसते, स्वच्छ, जिभेवर ठेवावीशी. अजून काही नाही. अजून काही नाही. आणि मग आत, अगदी मध्याशी, एक ठिपका. आला. दुसरा. सळईच्या अंगानं एक रांगच सुटली. आणि तिच्या छातीत जे व्हायचं ते झालं, या काचेबरोबर प्रत्येक वेळी होणारं. आनंद नव्हता तो. संशय होता. ती त्या बुडबुड्यांकडे बघतच राहिली.

बाटली अशीच होती. याच मशीनला पुढे लावलेली, मुठीएवढी, प्लॅस्टिकची. उकळून गार केलेलं पाणी घालायचं, त्यातून ऑक्सिजन वर यायचा आणि नळीतून नानांच्या नाकाकडे जायचा. दवाखान्यात जागा नव्हती, डॉक्टर फोनवर. कुणी म्हणालं, बोट बघा, कुणी म्हणालं, आकडा बघा, पण ते बोटाला लावायचं चिमट्याचं यंत्र सारखं बिनसायचं, आणि मग सगळ्यांनी एकच धरलं, की बुडबुडे येताहेत ना, मग झालं. पुण्याहून आल्हाद दर थोड्या वेळानं व्हिडिओवर यायचा. भाऊच तो, तिकडे अडकलेला, तडफडत होता. तोंड सुजलेलं रडून, आणि विचारायचा एकच, "ताई, बुडबुडे येताहेत ना?" ती फोन बाटलीकडे फिरवायची. "हे बघ. येताहेत." दोघं बघायचे. बहीणभाऊ, इतक्या लांबून, एका बाटलीकडे. काय छान वाटायचं ते बुडबुडे बघून! ते मान्य करायला हवं, खरंच छान वाटायचं. एकसारखे, न दमणारे, भरवशाचे. त्या दुपारीही ती त्यांच्याकडेच बघत बसली होती. खिडकीतून ऊन बाटलीवर आलेलं, पाणी चमकत होतं, बुडबुडे वर येत होते, वर येत होते. मग अमोल चहा घेऊन आला. कप खाली ठेवून तो पलंगाजवळ गेला, नानांच्या कपाळाला हात लावला, मग गालाला, मग वाकला आणि मशीनचं बटण बंद केलं. बाटलीतलं पाणी स्थिर झालं. नाना केव्हा गेले होते कुणास ठाऊक. ती हातभर अंतरावर बसली होती आणि तिला ठाऊक नव्हतं. बुडबुडे येतच होते.

मेलं मशीन! माणूस असो नसो, त्याला काय. नाकात नळी आहे की उशीवर, त्याला काय. ते आपलं बुडबुडे काढत बसणार. तिला तेव्हा रडू आलंच नाही, संताप आला. शरम नव्हे, अपराधबिपराध नव्हे, ते सगळं लोकांनी तिच्यावर घातलं आणि नंतर समजूत घालून काढूनही घेतलं. 'तुझा काय दोष गं.' दोषाचं कोण बोलतंय? तिला फसवलं होतं. बाटलीभर पाण्यानं तिला फसवलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत, तिला बरं वाटायला लावून. पुढे वर्षभरानं तिनं ते मशीन बर्नरला जोडलं. लोकांना वाटलं, बाई खंबीर, वस्तू वाया जाऊ दिली नाही. बर्नरला बाटली लागत नाही. बाटली तिनं माळ्यावर टाकली, परत न बघण्यासाठी.

फुट्. फुट्. तिनं दचकून हाताकडे बघितलं. मणी ज्योतीत होता. अजून ज्योतीतच होता. बुडबुडे एक होऊन भला मोठा फोड आला होता, तिच्या देखत तो फुटला आणि त्याच्या जागी खळगा पडला. कुणी खिडकीत आलं नव्हतं. कुणी हाक मारली नव्हती. कुणावर ढकलायची सोयच नव्हती. तिनं सगळं पाहिलं होतं, ठिपका आलेला, रांग सुटलेली, ती घटका आलेली आणि गेलेली, आणि हात तिथेच होता. कारण तिला बघायचं होतं. फुटतात का ते. नानांची शिकवण कसली नि काय, उगीच म्हाताऱ्याच्या नावावर खपवत होती ती. बुडबुडे दिसले की तिला वाटायचं, हे खोटे आहेत, थांब जरा, आत्ता दिसेल. आणि ती थांबायची, आणि ते फुटायचे, आणि कुठेतरी आत तिला समाधान व्हायचं की बघा, मी म्हणत नव्हते! मग वरून कपाळाला हात लावून रडायला मोकळी, की मेलं जमतच नाही. सबंध हिवाळाभर आपणच हातानं फोडत बसलो आणि काचेला शिव्या घातल्या. हे समजलं म्हणून तिला काही हलकं वाटलं नाही. उलट इतका राग आला की तिनं सळई टेबलावर आपटली आणि गरम मणी निखळून फरशीवर पडला, टणकन वाजला आणि त्याची दोन शकलं झाली.

"काय वाढवलं गं?" आतून अमोलनं विचारलं. काच फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं, हे त्याच्या आईचं वळण.

"माझं डोकं!"

तो दारात आला. फरशीवरची शकलं बघितली, तिचं तोंड बघितलं, आणि नवल म्हणजे विनोद केला नाही. "प्राजक्ता मघाशी दारातही येऊन गेली," तो म्हणाला. "मी म्हटलं देऊन टाकतो, तर म्हणाली, नको, ताईंचा मणी चाललाय. काकूंना आणणारी दवाखान्याची गाडी देवास गेटच्या ट्रॅफिकमध्ये फसली होती, आता येतच असतील."

टेबलावर कांडीचा बोटभर तुकडा उरला होता. एक लहानसा मणी झाला असता. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि मनात आलं, आत्ता, आत्ता कदाचित जमेल, आता कळलंय आपल्याला. आणि लगेच स्वतःचाच संताप आला, की ये रे माझ्या मागल्या! तिनं आधी बर्नर बंद केला, मग मशीन. घरघर थांबली. ती शांतता नाना गेले त्या दुपारची होती, तीच, जशीच्या तशी, आणि या खेपेला मशीन तिनं स्वतःच्या हातानं बंद केलं होतं. तिनं नळी काढली. "शिडी आण," ती अमोलला म्हणाली. "माळ्यावर बाटली आहे."

"मी काढतो."

"नको. मीच काढते."

बाटली लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमागे होती. धूळ बसलेली, तळाशी पाण्याची एक पांढरी रेघ सुकलेली. ती रेघ त्या दिवसाची होती. तिनं बाटली मोरीत नेऊन साबणानं घासली, गरम पाण्यानं विसळली, पुन्हा घासली. रेघ निघाली. निघाली तेव्हा तिला जरा वाईटच वाटलं. प्यायचं पाणी उकळून गार केलेलं होतंच, ते एका तांब्यात घेतलं. मशीनची जाळी झटकली, पदरानं पुसली. अमोलनं मशीन उचललं, तिनं बाटली आणि तांब्या, आणि दोघं शेजारी गेले.

काकू आल्या होत्या. पलंगावर तीन उशांना टेकवलेल्या, एरवी भिंतीपलीकडून गल्ली हलवणारी बाई, आता चादरीत कुठे संपते आणि कुठे सुरू होते कळू नये अशी. दवाखान्याच्या गाडीवाल्यानं छोटा सिलिंडर थोडा वेळ राहू दिला होता, तो उठून उभाच होता, "मॅडम, जल्दी करिए, मेरे को वापस जाना है." सुलभानं प्राजक्ताकडे न बघताच सगळं जोडलं. नवी नळी, बाटली, पाणी खुणेपर्यंत. काटा दोनवर. बटण दाबलं आणि मशीन घरघरलं, आणि बाटलीत बुडबुडे सुटले. एकसारखे, न दमणारे.

"आले!" प्राजक्ता म्हणाली, आणि मटकन खुर्चीत बसून रडायला लागली. गाडीवाला सिलिंडर घेऊन निघून गेला. रडता रडता तिनं फोन लावला. विनायक, काकूंचा मुलगा, रतलामच्या कुठल्यातरी खोलीत, अंगावर ड्यूटीचेच कपडे. त्याचा आवाज फुटत होता. "लागलं का? चालू आहे नं? बुडबुडे येताहेत नं?"

"येताहेत," प्राजक्ता म्हणाली. "हे बघा, मस्त येताहेत," आणि तिनं फोन बाटलीकडे फिरवला. खोलीतले सगळे बाटलीकडे बघायला लागले. प्राजक्ता, अमोल, रतलामहून विनायक. कुणालातरी बरं वाटल्याचा सुस्कारा निघाला.

सुलभानं पुढे होऊन प्राजक्ताच्या हातातून फोन घेतला. जवळजवळ हिसकावलाच. तो फिरवून काकूंच्या चेहऱ्यासमोर धरला, अगदी जवळ, नाकाची नळी आणि वरखाली होणारी चादर दिसेल असा.

"बाटली काय बघतोस, विनायक!" ती ओरडलीच. "ती कुणासाठीही बुडबुडे काढते. आईकडे बघ. सगळे आईकडे बघा. श्वास बघा. प्राजक्ता, रडू नको, खुर्ची इकडे ओढ, त्यांचा हात धरून बस, आणि मला सांग, हात गरम आहे का? सांग नं!"

प्राजक्ता घाबरून उठली, खुर्ची ओढली, हात धरला. "गरम आहे, ताई."

"मग असाच धरून ठेव. झोप आली तर मला हाक मार, मी धरीन. सोडायचा नाही."

अमोल तिच्याकडे बघत होता. तो पलंगाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, बाटलीच्या आणि तिच्या मध्ये. तेवढ्यात काकूंनी डोळे उघडले. आधी फोनमधल्या मुलाकडे बघितलं, मग सुलभाकडे. ओठ हलले. सुलभा खाली वाकली, कान त्यांच्या तोंडाशी नेला आणि त्यांचा श्वास तिच्या गालाला लागला, औषधाचा वास असलेला, ओलसर, ऊन.

"सुलभे," काकू म्हणाल्या, एकेका शब्दाला थांबत, "तुझा… तो… मणी झाला का गं?"

"नाही झाला, काकू," ती म्हणाली, आणि नाना गेल्यापासून न आलेलं रडू तिथे, त्यांच्या उशीवर डोकं टेकून, तिला एकदम आलं.